परसाचं फूल आणि त्याची नावं



घोडायात्रेची गर्दी ओसरली की चिमुरात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. दुपारचं ऊन टोचू लागतं, आणि धुऱ्यावरचे पळस काळ्या कळ्यांनी भरतात. पानं गळून गेलेली, फांद्या वाकड्यातिकड्या, आणि त्यांवर मखमलीसारख्या काळपट कळ्यांचे घोस. होळी येईस्तोवर त्याच कळ्या फुटतात. मग भिसीकडे जा, खडसंगीकडे जा, की जांभुळघाटाकडे जा, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सगळं रान केशरी झालेलं असतं.

आज मला या फुलाबद्दल बोलायचं आहे, पण जास्त करून त्याच्या नावांबद्दल. कारण मागच्या होळीच्या आधी या नावावरूनच आमच्या बचतगटात चांगलं भांडण झालं.

झालं असं की आम्ही फुलं वाळवून होळीचा रंग तयार केला होता. पाकिटावर चिकटवायला छापील कागद हवा होता. छापणाऱ्यानं विचारलं, "नाव काय टाकू?" आणि बारा जणींची पाच मतं झाली. एक म्हणाली, 'टेसू' टाका, नागपूरच्या दुकानात तेच चालतं. दुसरी म्हणाली, 'हर्बल रंग' टाका, शहरातल्या बाया इंग्रजी नावाला दोन पैसे जास्त देतात. कोणी म्हणे 'पलाश', ते ऐकायला भारी वाटतं. कोणी म्हणे साधं 'पळस' बरं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क काकू, ज्यांनी सगळ्यात जास्त फुलं वेचून आणली होती, त्या हळूच म्हणाल्या, "परस लिवा ना. परसच तर आहे तो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला माझं स्वतःचं शुद्धलेखन आठवलं.

तिसरीत असेन. गुरुजी शब्द सांगत होते आणि आम्ही पाटीवर लिहीत होतो. त्यांनी 'पळस' म्हटलं, मी 'परस' लिहिलं. मला वाटलं गुरुजींची जीभ अडखळली असेल. त्यांनी पाटी वर्गाला दाखवली, पोरं हसली, आणि मला दहा वेळा 'पळस' लिहायला लावलं. घरी येऊन रडले तर आजी म्हणाली, "मास्तरच्या गावाले पळस रायते, आपल्या गावाले परस रायते. तू दोनी लिवत जा."

आजीला अक्षरओळख नव्हती, पण ती म्हणाली ते भाषेच्या हिशेबानं बरोबर होतं. आपल्या झाडीबोलीत 'ळ' नाही. भंडारा, गोंदियापासून चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत जुनी माणसं डोळ्याला डोरा म्हणतात, काळ्याला कारा म्हणतात. तसाच पळसाचा परस. आणि तिकडे छत्तीसगडात जा, तिथेही लोक या झाडाला परसा म्हणतात. म्हणजे आपल्या गावातून पूर्वेकडे दूरपर्यंत हेच नाव चालत जातं. ते चुकीचं कसं असेल? पुण्याच्या पुस्तकात नाही एवढंच.

आता गावांची नावं बघा. आपल्या चिमूर तालुक्यात पळसगाव आहे. गडचिरोलीच्या बाजूला पळसगड आहे. जुन्या चांदा जिल्ह्यात ज्या जमीनदाऱ्या होत्या, त्यांत पळसगडची एक होती. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. कागदावर पळसगाव लिहिलेलं असतं आणि तोंडानं माणसं परसगाव म्हणतात. ज्या झाडाचं लाकूड दाराच्या चौकटीलाही कोणी वापरत नाही, त्याच्या नावानं माणसांनी गावं वसवली. ती काय उगाच?

गोंडी बोलणाऱ्या आपल्या बहिणी या झाडाला मुर म्हणतात, गावागावांत उच्चार थोडा बदलतो. सिरोंचाकडे तेलुगू बोलतात, तिथे मोदुग. कर्नाटकात मुत्तुग. कान देऊन ऐकलं तर कळतं की मुर, मोदुग, मुत्तुग ही एका घरची नावं आहेत, आणि पळस, परस, पलाश ही दुसऱ्या घरची. आपल्या जंगलात दोन्ही घरं शेजारी राहतात. एकाच झाडाखाली बसून एक बाई मुर म्हणते, दुसरी परस म्हणते, आणि दोघींच्या टोपलीत फूल तेच असतं.

संस्कृतातही त्याची नावं पुष्कळ आहेत. पलाश म्हणजे पानही आणि हे झाडही. किंशुक हे नाव मला फार आवडतं. त्याची फोड अशी सांगतात: किम् शुकः, म्हणजे 'हा पोपट तर नाही?' फुलाची खालची पाकळी अगदी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते, ती ज्यानं नीट पाहिली त्यानंच हे नाव ठेवलं असणार. पण संस्कृत सुभाषितांत याच फुलाची टिंगलही आहे. दिसायला देखणं, पण वास नाही. तसा विद्या नसलेला माणूस, असा तो टोला आहे. मला हे पटत नाही. वास नाही म्हणून गुण नाही, असं ज्याला वाटलं त्यानं कधी त्याची पत्रावळ लावली नसेल, रंग उकळला नसेल. शिवाय फुलात मध असतो. लहानपणी आपण सगळ्यांनी तो चोखला आहे. सकाळी झाडाखाली उभ्या राहा. मैना, बुलबुल, शिंजीर, खारी यांची झुंबड असते. पाखरांना ते फूल लांबून दिसतं. वासाचं त्यांना काय करायचं?

आता जरा लांबची गोष्ट सांगते. कोचीला डच लोकांचं राज्य होतं तेव्हा हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड नावाचा त्यांचा अधिकारी होता. त्यानं मलबारच्या झाडांवर एक मोठा ग्रंथ करून घेतला. नाव 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅमला छापले. त्यातली माहिती तिथल्या वैद्यांनी सांगितलेली होती. इट्टी अच्युतन नावाच्या वैद्याचं नाव त्यात मानानं आलेलं आहे. त्या ग्रंथात आपला पळस आहे, चित्रासकट, आणि त्याचं नाव दिलंय 'प्लासो'. मल्याळी माणसं जे म्हणत होती तेच त्यांनी कानानं ऐकलं आणि लिहून घेतलं. पुढे १७६३ साली आदांसाँ नावाच्या फ्रेंच पंडितानं झाडांच्या कुळांचं पुस्तक लिहिलं, त्यातही त्यानं 'प्लासो' हेच नाव शास्त्राचं नाव म्हणून घेतलं. म्हणजे एक वेळ अशी होती की जगभरच्या पुस्तकांत आपल्या परसाचं नाव आपल्याच माणसांनी दिलेलं असणार होतं.

तसं झालं नाही. आज शास्त्राच्या पुस्तकात त्याला 'ब्युटिया मोनोस्पर्मा' म्हणतात. हा ब्युटिया कोण? इंग्लंडात जॉन स्टुअर्ट नावाचा एक सरदार होता, ब्यूटचा तिसरा अर्ल. १७६२-६३ मध्ये तो तिथला पंतप्रधान होता. त्याला झाडांचा नाद होता, लंडनजवळच्या क्यू बागेच्या उभारणीत त्याचा हात होता. माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. पण तो हिंदुस्थानात कधी आला नाही. फाल्गुनातलं पळसाचं रान त्यानं पाहिलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग यानं १७९५ पासून कोरोमंडल किनाऱ्याच्या झाडांचा ग्रंथ काढला, त्यात पळसाचं सुंदर रंगीत चित्र आहे आणि वर नाव आहे ब्युटिया. चित्रं काढणारे हात आपल्या देशातल्या चितारींचे होते, झाडांची तेलुगू नावंही रॉक्सबर्ग विचारून लिहून घ्यायचा. पण मुख्य नाव त्या सरदाराचं राहिलं.

त्याच काळात कलकत्त्यात सर विल्यम जोन्स नावाचा न्यायाधीश होता. संस्कृत शिकलेला. त्याचं म्हणणं होतं की हिंदुस्थानातल्या झाडांना इथलीच नावं द्यावीत, युरोपातल्या माणसांची देऊ नयेत. हे त्यानं लिहून ठेवलंय. १७९४ मध्ये तो वारला. आणि मग काय झालं ऐका. त्याचा मान राखायचा म्हणून रॉक्सबर्गनं आपल्या अशोकाच्या झाडाला नाव दिलं 'जोनेसिया'! बिचाऱ्याचं म्हणणं त्याच्याच नावाखाली गाडलं गेलं. पुढे अशोकाचं ते नाव गेलं, पण पळसाचं ब्युटिया गेलं नाही. १८९१ साली ओटो कुंट्झे या जर्मन पंडितानं म्हटलं की प्लासो हे आधीचं नाव आहे, नियमानं तेच चाललं पाहिजे. त्यानं ते लिहिलंही तसंच. पण ब्युटिया तोवर सगळ्यांच्या वहीत रुळलं होतं, म्हणून पंडितांनी खास ठराव करून तेच कायम ठेवलं आणि प्लासो बाद केलं. आधी आलेलं नाव बाद, वापरात असलेलं नाव कायम. माझ्या शुद्धलेखनापेक्षा हे काही फार वेगळं नाही.

मोनोस्पर्मा म्हणजे एक बी असलेलं. पळसाची शेंग चपटी असते आणि टोकाला एकच बी असते, हे तुम्ही पाहिलंय. आपण तिला पळसपापडी म्हणतो, कारण ती पापडासारखी पातळ. पंडितानं बी मोजली, आपल्या आजीला पापड आठवला. दोघांनी एकाच शेंगेकडे बघितलं. त्याच्या आधी इंग्रज पुस्तकांत 'फ्रोंडोसा' म्हणायचे, म्हणजे पानांनी भरलेला. फुलाच्या दिवसांत झाडावर पान नसतं, तरी!

बंगालातली एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे. नदिया जिल्ह्यात पलाशी नावाचं गाव आहे, पळसाच्या झाडांवरूनच पडलेलं नाव. २३ जून १७५७ ला तिथे क्लाइव्हनं सिराजउद्दौल्याला हरवलं आणि कंपनीचं राज्य सुरू झालं. इंग्रजांच्या तोंडी ते नाव 'प्लासी' झालं. शाळेत आपण प्लासीची लढाई म्हणून पाठ केली, पण ते आपलं परसगावच होतं हे कोणी सांगितलं नाही.

इंग्रजांनी आणखी एक नाव ठेवलं, 'बास्टर्ड टीक'. मराठीत सांगायचं तर अनौरस साग, खोटा साग. का? पान सागासारखं रुंद, पण लाकूड सागाचं नाही. हे नाव मला सगळ्यात जास्त लागतं. कारण त्यात फक्त शिवी नाही, जंगलाकडे बघण्याची एक नजर आहे. १८६४ साली सरकारचं जंगल खातं उभं राहिलं. मग १८७८ आणि १९२७ चे जंगल कायदे आले. त्या नजरेला चांद्याच्या जंगलात आलापल्लीचा साग दिसत होता. साग तो खरा, बाकीचं जळाऊ. पळसाला पाटी, फळी, खांब होत नाही, म्हणून तो खोटा.

आता आपल्या घरातून मोजून बघा हा खोटा साग काय काय देतो. पानाच्या पत्रावळी आणि द्रोण. लग्न असो की तेरावं, गावच्या पंगती त्याच्यावर उठल्या. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण सगळे म्हणतात, हिंदीतही 'ढाक के तीन पात' आहेच. पण ती तीन पानं सारखी नसतात हे पत्रावळ लावणाऱ्या बाईलाच माहीत. मधलं मोठं आणि डौलदार, बाजूची दोन तिरपी. मधलं पान बुडाला, बाजूची कडेला. मुळांचा वाक काढून दोर वळतात. पोळ्याला दाराशी मेढे म्हणून त्याच्याच डहाळ्या येतात आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेर जातात. मुंजीत बटूच्या हातात पळसाचा दंड असतो. झाडाला खाच पडली की लाल डिंक येतो. बाळंतिणीच्या लाडवात घालतात तो कमरकस म्हणजे हाच. इथे मात्र जरा सावध राहा. काही दुकानांत कमरकस या नावानं वेगळ्याच झाडाच्या बारीक बियाही विकतात. नाव ऐकून घेऊ नका, डिंक आहे का ते बघून घ्या. पळसपापडी जंतांवर देतात हे खरं, पण ती जहाल असते. लेकराला किंवा पोटुशी बाईला आपल्या अंदाजानं मुळीच देऊ नका, डॉक्टरला विचारा.

आणि लाख. लाखेचा किडा मुख्यतः पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर वाढतो. बाजारातल्या लाखेच्या बांगड्या इथूनच सुरू होतात.

यातल्या एकाही गोष्टीला लाकूड लागत नाही, आणि बहुतेक कामं बायांच्या हातची. म्हणून ज्यांनी लाकूड मोजलं त्यांच्या वहीत ती आलीच नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ही मोजणी बदलली. त्यात गौण वनोपज म्हणजे इमारती लाकूड सोडून वनस्पतीपासून मिळणारं सगळं, अशी व्याख्या आहे. लाखेचं नाव तर त्यात थेट लिहिलेलं आहे. परसाची पानं, फुलं, बी, डिंक, सगळं त्या व्याख्येत बसतं. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, ते तुम्ही ऐकलंच असेल. आपल्या ग्रामसभेत दाव्याचे कागद होतात तेव्हा वनोपजाची यादी लिहावी लागते. ती यादी बहुतेक गावांत पुरुष सांगतात, आणि ते तेंदू, मोह, बांबू सांगून थांबतात. तुम्ही तिथे बसा. पान, फूल, पापडी, डिंक, वाक, लाख असं एकेक सांगा. लिहिणाऱ्याला 'परस' कळत नसेल तर 'पळस' पण लिहायला लावा, गोंड पाड्यावर असाल तर 'मुर' पण. एका नावानं अडलं तर दुसऱ्यानं चालेल.

एक आणखी. आपल्या जंगलात पळसवेलही आहे, फूल तसंच पण झाड नाही, वेल. पिवळा पळस क्वचित दिसतो. पांढऱ्याबद्दल गुप्तधनाच्या गोष्टी सांगतात आणि लोक मुळं खणून झाडाचा जीव घेतात. अशा गोष्टीवर विश्वास ठेवू नका. कुठे वेगळ्या रंगाचा पळस दिसलाच तर गाजावाजा करू नका, त्यातच त्याचं भलं आहे.

राहिलं आमच्या पाकिटाचं. झारखंडाचं राज्यफूल पळस आहे, आणि तिथल्या बचतगटांच्या मालाला 'पलाश' याच नावाचा ब्रँड आहे, हे मी गटाला सांगितलं. त्यावर एकजण म्हणाली, मग त्यांचं नाव आपण कशाला घ्यायचं? दोन बैठका गेल्या. शेवटी कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं 'परसाचा रंग', आणि खाली बारीक अक्षरांत 'पळस, टेसू'. छापणाऱ्यानं फोन करून विचारलं, "ताई, चूक झाली का? पळस हवं ना?" मी म्हटलं, दोन्ही आहे तसंच राहू द्या.

मागे कृतीही छापली आहे, इथेही सांगते. झाडावरची तोडू नका, खाली पडलेली फुलं घ्या, पाखरांना आणि पुढच्या बियांना वरची राहू द्या. काळा देठ काढून सावलीत वाळवा. वापरायच्या आदल्या रात्री दोन मुठी फुलं पाण्यात भिजत घाला, सकाळी उकळी आणा आणि गाळा. चिमूटभर तुरटी टाकली की रंग खुलतो. उरलेलं साधं फुलाचं पाणी, तुरटी न टाकलेलं, लेकरांच्या आंघोळीला घाला, उन्हाळ्यात बरं असतं असं आपल्याकडे मानतात.

काकूंना पहिलं पाकीट दिलं. त्यांना वाचता येत नाही, नातीकडून वाचून घेतलं. तुमच्या गावात या झाडाला, त्याच्या कळीला, पापडीला, कोवळ्या पानाला काही वेगळं नाव असेल तर केंद्रावर कळवा. पुढच्या भागात तुमच्या गावाचं नाव घेऊन ते सांगेन.